बिनउखाण्याचं नाव

१

सौसर तालुक्यातल्या सगळ्या अँटेनांची तोंडं त्या उन्हाळ्यात नागपूरकडून पांढुर्ण्याकडे वळवायची होती. साल पंच्याऐंशीचं. तोवर आपल्याकडे टीव्ही म्हणजे घराहून उंच पाइप, त्यावर भलीमोठी जाळी, खाली बूस्टरची डबी, आणि एवढा खटाटोप करून पडद्यावर मुंग्याच मुंग्या. आभाळ भरून आलं की नागपूर दिसायचं, उघडलं की जायचं. लोक त्यातही खूश होते. आता पांढुर्ण्याकडच्या टेकडीवर नवं लहान केंद्र उभं राहिलं होतं आणि लवकरच सुरू होणार होतं. ज्याची जाळी त्या दिवशी नागपूरकडे तोंड करून राहील, त्याच्या नशिबी नुसती खरखर.

मनोहर हा सौसरातल्या दादारावांच्या रेडिओच्या दुकानातला अँटेना मिस्त्री. पण खरं सांगायचं तर अँटेनाचं काम एकट्यानं होतच नाही. एक जण वर पाइप फिरवतो, एक जण खाली पडद्यासमोर बसून ओरडतो. "आलं का?" "नाई!" "आता?" "आलं, आलं... गेलं!" त्या महिन्यात गावोगावी हेच भजन चाललं होतं. खालचा माणूस कच्चा निघाला की वरचा उन्हात पापडासारखा वाळतो. मनोहरच्या खाली बसायची ती त्याची बायको चंद्रकला, आणि तिच्या तोडीचं माणूस सौसर ते लोधीखेडा शोधून सापडलं नसतं.

आवाज तिनं जयंतीला भीमगीतं गाऊन कमावलेला. मिरवणुकीत माइक बंद पडला तरी शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा. शिवाय तिला पाहता येत होतं, आणि पाहिलेलं सांगता येत होतं. दुसरे नुसतं आलं-गेलं करतात, ही म्हणायची, "पट्टे सरळ झाले, पन डाव्या अंगानं सावली पडून राहिली," किंवा "जरासं वापस या, कडेले केस फुटले." दुपारभर केंद्रवाले चाचणी म्हणून नुसते उभे पट्टे सोडत आणि त्याबरोबर एक लांबलचक शिट्टी. ते पट्टे मनोहरला गच्चीवर बसून तिच्या तोंडून दिसायचे. बायकोचं कौतुक तोंडावर करायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून तो ते गच्चीवर एकट्यानं करून घ्यायचा.

आणि ज्या घरांशी तिची आई अंगणाच्या कडेला उभी राहून बोलत आली, त्याच घरांच्या बैठकीत आता चंद्रकला टीव्हीसमोर मधोमध बसायची. घरमालक तिच्या मागे उभा राहून विचारायचा, "काय म्हनता बाई, येईन नं चित्र?"

एवढी धीट बाई, पण नवऱ्याचं नाव म्हणून घ्यायची नाही. "अवो" आणि "ऐकून राहिले का" यावर तिचा संसार चालला होता. एकदा दवाखान्यात कंपाउंडरनं नवऱ्याचं नाव विचारलं, तर ती म्हणाली, "थांबा, सासूबाईले घेऊन येते." सासू बाहेर बाकावर बसली होती, तिला उठवून आणलं तेव्हा कागद पुरा झाला. घरोघरच्या बायकांना हे ठाऊक झालं होतं. चहा हातात दिला की त्या मागे लागायच्या, नाव घ्या, नाव घ्या. मग ती पदर सावरून एकच उखाणा म्हणायची. तो तिनं स्वतः केला होता:

"नागपूरचा टावर दूर, मधात आहे घाट,
मनोहररावांचं नाव घेते, सोडा माझी वाट."

नावाच्या आधी तिचा श्वास जरासा अडायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी अडायचा. गच्चीवर पाइप धरून बसलेल्या मनोहरला तो अडलेला श्वास ऐकू येई आणि उगाच बरं वाटे.

२

मोहगावच्या शिवेवर भैय्याजींनी नवीन घर बांधलं होतं. संत्र्यानं त्यांना हात दिला होता आणि भैय्याजींनी तो हात सिमेंटमध्ये घातला होता. सायकल अंगणात लावून मनोहर आणि चंद्रकला क्षणभर नुसते पाहतच राहिले. मोझेकची फरशी, खिडक्यांना लोखंडी फुलं, वर जायला बाहेरून जिना, आणि सपाट, कोरी, अजून कठडा न घातलेली गच्ची. सिमेंटचा वास पुरता गेला नव्हता. घराला तीन बाजूंनी मोतिया रंग होता. पश्चिमेची भिंत मात्र तशीच उघडी.

"रंगारी पळाला साला," भैय्याजी म्हणाले. "अर्ध्यात शिडी सोडून गेला. आजकाल कामाले कोनी टिकतच नाई, काय जी? या, हॉल पाहा."

हॉल शब्द त्यांनी असा उच्चारला की तो आणखी मोठा झाला. होताही मोठा. छत दोन पुरुष उंच. एका टोकाला लाकडी पेटीतला टीव्ही, आणि बाकी रिकामं, चकचकीत. रविवारी सगळ्या गावाला इथं बसवून नवं केंद्र दाखवायचं होतं, म्हणून सामान मुद्दाम ठेवलं नव्हतं. टीव्हीच्या बरोबर वर छतात बांबू जाईल एवढं गोल भोक होतं.

"वायरीसाठी," भैय्याजींनी बोट दाखवलं. "स्लॅब ओततानाच ठेवलं. मंग फोडाफोडी नको."

"मानलं तुमाले," मनोहर मनापासून म्हणाला.

भैय्याजींची बायको प्रेमलताबाई तेवढ्यात हॉलमध्ये आल्या. संत्र्याच्या बगीच्यातून कोणी बोलवायला आलं असावं. पण त्या दारातून बोलल्या नाहीत. एवढा हॉल अनवाणी ओलांडून नवऱ्यापाशी गेल्या, त्याच्या बाहीला धरलं आणि दाराकडे मान हलवली. भैय्याजी लगेच निघाले. मनोहरला ते पाहून गंमत वाटली. पैसा आला की माणसं हळू बोलायला लागतात, असं तो मनाशी म्हणाला.

चहा प्रेमलताबाईंनी ओसरीवर आणला. तिथं मात्र त्या मोकळ्या झाल्या, हसल्या. "तुमचं लय ऐकलं बाई. नाव घ्या नं आमच्याही घरी."

चंद्रकला टीव्ही लावून पाहायला आत गेली होती. कप घ्यायला ती हॉलच्या उंबऱ्यापर्यंत आली, एक पाय आत, एक बाहेर.

"इथं नाई वो," प्रेमलताबाई घाईनं म्हणाल्या, "बाहेर येऊन..."

पण चंद्रकलेचं सुरू झालं होतं. नागपूरचा टावर दूर. तिनं गळा चांगला मोकळा सोडला. कोऱ्या भिंतींत तिचा आवाज असा भरला की मनोहर चहा प्यायचा थांबला. उखाणा संपला, ती स्वतःच लाजून हसली, तिघांनी चहाचा एकेक घोट घेतला, आणि मग आतून आलं, "माझी वाट."

"घुमते," प्रेमलताबाई म्हणाल्या आणि कप गोळा करू लागल्या. मनोहरचा अजून अर्धा भरलेला होता.

३

गच्चीवर पोचल्याबरोबर मनोहरनं आधी तारा पाहिल्या. ही त्याची सवय. पश्चिमेच्या कोपऱ्यापासून थोड्याच अंतरावरून विजेची मोठी लाइन बगीच्यातल्या मोटरकडे गेली होती. आपल्याला काम पूर्वेच्या कोपऱ्यात, तिकडे जायचं कारणच नाही, असं म्हणून त्यानं ती डोक्यात नोंदवून ठेवली. मग पाइपाला धरून ठेवणारे तारेचे ताण सैल केले, वरचा एक पाइप उतरवला आणि जाळी नव्या केंद्राकडे फिरवायला घेतली.

"आता काय दिसते?"

"मुंग्याच आहेत," आवाज आला. खिडकीतून नाही, पायाशी असलेल्या त्या भोकातून आला. सरळ, जवळून. भैय्याजींच्या डोक्याला मनोहरनं पुन्हा एकदा दाद दिली. वायरीसाठी ठेवलेलं भोक, पण मिस्त्रीसाठी टेलिफोनच झाला.

"आता?"

"पट्टे येऊन राहिले. फिके आहेत. डावीकडं घ्या."

काम झरझर चाललं. इतकं झरझर की त्याला स्वतःलाच कौतुक वाटू लागलं. तो पाइप हलवायचा आणि विचारायच्या आत खालून यायचं, "बस, आता उजवीकडं." नंतर तर त्यानं हात लावायच्या आत येऊ लागलं. मनोहर हसला. जुन्या बैलाला जसं वळण सांगावं लागत नाही तसं झालं, त्याला वाटलं. बाईला माझा हात कळायला लागला. हे तिला संध्याकाळी सांगायचं, असंही त्यानं ठरवलं.

एकच गोष्ट त्याला खटकत होती, आणि ती काय हे कळायला जरा वेळ लागला. शिट्टी. चंद्रकला पडद्यासमोर बसून बोलायची तेव्हा तिच्या आवाजामागे केंद्राची शिट्टी नेहमी ऐकू यायची. मघाशी यायचीही. आता नुसता आवाज येत होता, मागे काही नाही. विहिरीत तोंड घालून कोणी बोलावं तसा.

टीव्हीचा आवाज कमी केला असन तिनं, त्यानं स्वतःला समजावलं. कान किटले असतील.

"थोडं अजून," खालून आलं. "तिकडं. तिकडं सरका जरासे."

पान्याची पकड बसत नव्हती. मोठा पाना खाली सायकलच्या पिशवीत राहिला होता. "येतो मी खाली," तो भोकाकडे वाकून म्हणाला.

आणि तो जिना उतरला.

४

हॉलमध्ये कोणी नव्हतं. टीव्ही सुरू होता, पडद्यावर मुंग्या आणि हलकी खरखर. पट्टे नाहीत, शिट्टी नाही. मनोहर मागच्या अंगणात गेला. चंद्रकला प्रेमलताबाईंजवळ बसून सुपातले तांदूळ निवडत होती.

"झालं का?" तिनं विचारलं. "केंद्रवाल्यानं मंगाशीच चाचणी बंद केली वाटते. पडदा कोरा झाला. म्हनून मी इकडं आली."

"कवा?"

"झाला की बराच वेळ. तुमाले सांगाले आंगनात आली होती, पन तुमी वर आपले बोलून राहिले होते एकटेच. मले वाटलं गाना म्हनून राहिले." ती हसली.

मनोहर हसला नाही. "तूच सांगून राहिली होती नं खालून. डावीकडं घ्या, तिकडं सरका."

"मी?"

"मंग कोन?"

चंद्रकलेनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग ती उठली, रांजणातल्या पाण्यात फडकं भिजवलं आणि त्याच्या डोक्याला बांधलं. "उन्हानं झालं. मे महिना आहे, तुमी काय लोखंडाचे आहे का?"

होय, ऊन. मनोहरला ते पटलं. पटवून घ्यावंसं वाटलं. रिकामा हॉल, कोरं सिमेंट, तापलेली स्लॅब. तिचे मघाचेच शब्द भिंतींत फिरत राहिले असतील आणि आपण नवे समजून ऐकले असतील. डावीकडं, उजवीकडं, असे शब्द ती रोजच बोलते. पण "तिकडं सरका" हे ती आज एकदाही बोलली नव्हती, हे त्याला आठवलं. आठवलं ते त्यानं बाजूला ठेवलं.

प्रेमलताबाईंचे हात सुपात थांबले होते. "त्या हॉलमधी आमी हाक मारत नाई कोनाले," त्या खाली पाहत म्हणाल्या. "सांगाचं असन तं जवळ जाऊन सांगतो."

"काहून जी?" चंद्रकलेनं विचारलं.

"घुमते," त्या म्हणाल्या, आणि तांदूळ निवडायला लागल्या.

तेवढ्यात आतून केंद्राची शिट्टी सुरू झाली. चाचणी पुन्हा लागली होती. चंद्रकलेनं पदर खोचला. "चला. आता मी खिडकीत उभी राहून बोलीन, तोंड बाहेर काढून. मंग तं घुमनार नाई?"

मनोहरला त्या क्षणी तिच्याबद्दल फार वाटलं. दुसरी कोणी असती तर सायकलकडे निघाली असती.

५

पूर्वेच्या कोपऱ्यात चित्र काही केल्या धड बसेना. समोर पाण्याच्या टाकीचा आडोसा होता. अशा वेळी मिस्त्री पाइप सोडवतो, जाळीसकट हातात उभा धरतो आणि गच्चीभर फिरतो. जिथं चित्र चांगलं, तिथं रोवायचं. वजन मोठं असतं, वारा जाळीला धरतो, आणि कठडा नसला की डोळे पायांवर ठेवावे लागतात. केंद्र पश्चिमेला, आणि कललेलं ऊनही पश्चिमेचं. वर पाहायची सोय नव्हती. वर पाहिलं की डोळ्यांपुढं पांढरं.

"एक पाऊल पुढं," खिडकीतून आलं. मागे शिट्टी होती. मनोहर सुखावला.

"पट्टे आले, पन दुहेरी. जरासे उजवीकडं."

तो सरकला. भोक आता त्याच्या पुढ्यात होतं.

"आता चांगलं येऊन राहिलं. अजून या."

तो आला.

"अजून. लय स्वच्छ येऊन राहिलं. असं तं नागपुरातही दिसत नसन."

त्याला बरं वाटलं. शिट्टी कधी थांबली ते त्याच्या ध्यानात आलं नाही. हात भरून आले होते, घाम डोळ्यांत उतरत होता, आणि तो ओळखीचा आवाज मात्र थकत नव्हता. पायाजवळून, हाताला धरून न्यावं तसा नेत होता. अजून जरासे. हो, तिकडं. अजून.

"थांबा!"

हे अंगणातून आलं. पाठीमागून.

"थांबू नका वो," भोकातून आलं, "येऊनच राहिलं."

मनोहरचा एक पाय उचललेला होता. तो त्यानं तिथंच टेकवला. पाठीमागे वळून पाहायचं तर पाइप कलंडला असता.

"कोन व्हय?" तो ओरडला.

"मीच!" अंगणातून आलं. "मीच," भोकातून आलं. गळा एक, ठसका एक. त्यात उजवं-डावं करायला काही जागाच नव्हती. जिच्या आवाजावर त्यानं इतकी वर्षं डोळे मिटून पाइप फिरवला, तो आवाज दोन्हीकडे होता. 

मग त्याला सुचलं. त्याला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं असावं.

"नाव घे!" तो ओरडला. "नाव घे आधी!"

"नागपूरचा टावर दूर," भोकातून लगेच आलं, "मधात आहे घाट," आणि मग तो श्वास अडला. नावाआधीचा. जरासाच, नेमका तेवढाच, लाजरा. "मनोहररावांचं नाव घेते, सोडा माझी वाट."

अंगणातून काही आलं नाही.

मनोहरचा जीव भांड्यात पडला. तो श्वास दुसऱ्या कोणाचा असूच शकत नव्हता. अंगणातलं जे काही होतं त्याला उखाणा येत नव्हता. त्यानं पाइप छातीशी धरला आणि भोकातला आवाज नेत होता तिकडे पाऊल उचललं.

"मनोहर!"

राव नाही, उखाणा नाही, श्वास अडणं नाही. फाटलेल्या गळ्यातून आलेलं उघडंवाघडं नाव. हे नाव या आवाजात त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. लग्नात नाही, दवाखान्यात नाही, भांडणातसुद्धा नाही.  तो मटकन खाली बसला, पाइप मागे कलंडला आणि जाळीसकट स्लॅबवर आदळला.

आवाज विरल्यावर त्याला दुसरा आवाज ऐकू आला, बारीक, गुणगुणता. हात आडवा धरून त्यानं वर पाहिलं. तो पश्चिमेच्या टोकाशी बसला होता. मोठी लाइन तिथंच होती. जाळीचं टोक मघाशी जिथं होतं, तिथून वीतभर पलीकडे.

तो मागं सरकू लागला, बसल्याबसल्याच. मध्येच त्याचा हात भोकाच्या कडेला लागला. अंगणात पाण्याचा लोटा लवंडलेला, आणि चंद्रकला दोन्ही हात डोक्यावर धरून उभी. ती त्याला आता स्वच्छ दिसत होती. तिथंच होती ती, उन्हात, पूर्ण.

मग त्यानं भोकात का पाहिलं, हे त्याला कधी सांगता आलं नाही. त्याला फरशी दिसायला हवी होती, खोल खाली, टीव्हीची पेटी. दिसला तो केसांचा भांग. तेल लावून विंचरलेला, सरळ, काळा, भोकाच्या अगदी खाली. छत दोन पुरुष उंच होतं. बोट घातलं असतं तर त्याला लागला असता.

तो भांग हळूच मागे कलू लागला, कोणी मान वर करताना कलतो तसा.

मनोहरनं डोक्याचं ओलं फडकं काढलं आणि त्या भोकावर दाबून धरलं. खालून काही तरी त्याला हलकेच टेकलं, आणि टेकूनच राहिलं. मग चंद्रकला जिना चढून वर आली आणि तिनं एक वीट आणून त्याच्या हाताच्या जागी ठेवली.

६

"मी घेनारच होती नाव," ती म्हणाली. दोघं जिन्यात बसले होते. तिचा गळा बसला होता. "खिडकीत उभी होती, तं माझाच आवाज माझ्या मांगून येऊन राहिला. वळून पाहाची हिंमत नाई झाली. तशीच बाहेर पळाली. तुमी म्हनलं नाव घे. तोंड उघडलं, तं माझा उखाना आतूनच आला. माझा. मंग माझ्यापाशी दुसरं काय होतं?"

मनोहरनं तिचा हात धरला. असा उघड्यावर त्यानं तो कधी धरला नव्हता. एका क्षणात, लाइनखाली नवरा उभा असताना, या बाईनं काय आपल्या रोजच्या बोलण्यातलं नाही ते शोधून काढलं. आणि जन्मभर गाठ मारून ठेवलेलं ते एक नाव सोडलं. हे त्याला त्या जिन्यातच कळलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सांगायला लाज कसली?

तो म्हणाला, "चल, घरी जाऊ."

"काम अर्धं टाकून? त्या रंगाऱ्यासारखं?" ती उठली. "पाइप पूर्वेलेच रोवा. टाकीच्या वर काढा. बोलाचं नाई कोनीच."

मग ते काम असं झालं की भैय्याजी बगीच्यातून परत येऊन पाहतच राहिले. प्रेमलताबाई हॉलमध्ये पडद्यासमोर, चंद्रकला अंगणात, मनोहर वर. प्रेमलताबाई खिडकीतून पदराचं टोक डावीकडे नेत, चंद्रकला हात डावीकडे करी, मनोहर पाइप डावीकडे घेई. तोंडातून चकार शब्द नाही. शेवटी प्रेमलताबाईंनी पदर दोन्ही हातांनी ताणून धरला: पट्टे सरळ. त्या रडत होत्या की हसत होत्या ते अंगणातून कळत नव्हतं. त्या घरात इतका वेळ कोणी त्यांच्यासारखं गप्प राहून त्यांना सोबत दिली नसावी. वायर मनोहरनं खिडकीतून आत घेतली. भैय्याजींनी भोकावरच्या विटेकडे पाहिलं आणि मजुरीचे पैसे मोजून दिले.

निघताना चंद्रकला सायकलवर मागे बसली. अंगण सुटलं, फाटक सुटलं, आणि मग मागून, उघड्या खिडकीतून हाक आली.

"मनोहर."

ओरडून नाही. जेवायला वाढून ठेवल्यावर बायको मारते तशी, सावकाश. चंद्रकलेचा चेहरा त्याच्या पाठीला दाबलेला होता आणि तिचे ओठ बंद होते, हे त्याला सदऱ्यातून कळत होतं.

रविवारी भैय्याजींच्या हॉलमध्ये अख्खं गाव बसलं. चित्र म्हणे आरशासारखं आलं. सगळे गप्प बसून पाहत होते, म्हणून बरं.

मनोहर-चंद्रकलेचं नाव त्या हंगामात बोरगावपर्यंत गेलं. ही जोडी न बोलता अँटेना लावते याचं लोकांना भारी नवल. ती अंगणात उभी राहते, तो वरून तिचे हात बघतो. उखाणा तिनं सोडून दिला. बायकांनी आग्रह केला तर नुसती हसते. मनोहरला मात्र एक गोष्ट सलते. ते नाव तिच्या तोंडून आणखी एकदा ऐकावं असं त्याला फार वाटतं. ते किती चांगलं वाटलं होतं, हे त्यानं तिला अजून सांगितलेलं नाही. सांगून काय उपयोग? तशी हाक आली तर ओ द्यायची नाही, असं त्यांचं ठरलंय.

एकदा लोधीखेड्याला, शाळेमागच्या एका घराच्या कवेलूंच्या छपरावर तो चढला होता. दुपार होती, लख्ख. नट आवळायचा तेवढा राहिला होता.

"मनोहर," त्याच्या कानाशी आलं.

तोंड उघडलं होतं त्याचं. सवयीनं नाही, आवडीनं. त्यानं अंगणात पाहिलं. चंद्रकला वर बघत होती, पण त्याच्याकडे नाही, त्याच्या जरा मागं. तिचे ओठ मिटलेले होते. तिनं एक हात वर केला आणि नकारार्थी हलवला, सावकाश, कशाला तरी दचकवायचं नसतं तेव्हा हलवतात तसा.

मनोहरनं तोंड मिटलं, मान खाली घातली, आणि नट आवळत राहिला.